नेक्सकार१९: उपचार उत्तम, पण टी पेशी वेळेत काढल्या तरच

नेक्सकार१९ हा रक्ताच्या काही कर्करोगांवरचा, भारतात तयार झालेला कार-टी उपचार आहे: रुग्णाच्याच टी पेशींत नवं जनुक घालून त्यांना कर्करोगाच्या पेशींवर हल्ला करायला लावतात. तो औषधाच्या दुकानात मिळत नाही. त्याचा कच्चा माल म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. त्यामुळे रुग्णाला शेवटी दिल्या जाणाऱ्या पिशवीत काय भरलंय याच्याइतकंच, पेशी कधी आणि कोणत्या अवस्थेत काढल्या यालाही महत्त्व आहे. आमचं मत आधीच सांगतो: उपचार दर्जेदार आहे, पण रुग्ण तिथवर फार उशिरा पोचतात.

आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत या पेशींची जनुकीय रचना तयार झाली. रुग्णांवरच्या चाचण्यांची धुरा टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी सांभाळली. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. उत्पादन आयआयटीतूनच उभी राहिलेली इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी करते. या भागीदारीचा फायदा थेट किमतीत दिसतो. टी पेशीत नवं जनुक घुसवायला लागणारा लेंटिव्हायरस हा यातला सर्वांत महागडा घटक. तो बाहेरून विकत घेतला असता, तर किंमत आवाक्यात राहिलीच नसती. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा पहिल्या उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती, आणि त्यात रुग्णालयाचा खर्च धरलेला नव्हता. इथे पेशींसाठी साधारण ३० ते ४० लाख रुपये लागतात. ही रक्कमही सामान्य घराला न झेपणारीच आहे, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

मंजुरी १५ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी आहे: बी पेशी या पांढऱ्या पेशींचा लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) किंवा त्यांचाच अ‍ॅक्यूट ल्युकेमिया (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग), तोही उलटलेला किंवा आधीच्या उपचारांना दाद न देणारा. कर्करोगाच्या पेशींवर सीडी१९ हे प्रथिन असलंच पाहिजे, कारण कार-टी पेशी तेच ओळखून हल्ला करतात. आधी ब्लिनाटुमोमॅब दिलं असेल, तर सीडी१९ची तपासणी नव्याने करा. ते औषधही याच प्रथिनावर नेम धरतं, आणि त्यानंतर उलटलेल्या आजारात काही वेळा प्रथिन नाहीसं झालेलं असतं. जुन्या बायोप्सीच्या रिपोर्टवर विसंबून लाखो रुपये गुंतवू नयेत.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पेशी काढण्याआधी. आजार उलटला की किमोची आणखी एक फेरी, मग आणखी एक, असं चालतं. दर फेरीला टी पेशी घटतात आणि उरलेल्या थकतात. बेंडामस्टिन हे किमोचं औषध तर याबाबतीत फारच वाईट. कार-टीचा विचार असेल तर पेशी काढण्याआधीच्या महिन्यांत ते टाळावं. स्टिरॉइड साधारण तीन ते सात दिवस आधी थांबवतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) निदान २००, शक्यतो ५००हून जास्त हवेत. म्हणून आजार उलटल्याचं कळताच, पुढची किमो ठरण्याआधी, कार-टी केंद्राचा सल्ला घ्यावा. उपचार नंतर घ्यायचा की नाही, हे मागाहून ठरवता येतं. थकलेल्या पेशी मात्र पुन्हा ताज्या होत नाहीत.

पेशी काढण्याची प्रक्रिया, म्हणजे अफेरेसिस, प्लेटलेट दान करतात तशाच यंत्रावर होते. तीन ते पाच तास लागतात. नसा बारीक असतील तर मान किंवा जांघेत कॅथेटर घालावा लागतो. ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच सांगा: रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं, आणि ते भरून काढणं सोपं असतं. त्यानंतर उत्पादन आणि निर्जंतुकतेच्या चाचण्या धरून तीन-चार आठवडे जातात. एवढ्या काळात आजार धावत सुटू नये म्हणून मधला उपचार द्यावा लागतो. क्वचित पेशी पुरेशा वाढत नाहीत किंवा निकषांत बसत नाहीत. अशा वेळी पैसे परत मिळणार का, पुन्हा प्रयत्न कोणाच्या खर्चाने होणार, हे आधीच लेखी घ्यावं.

पेशी देण्याआधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही किमोची औषधं देतात, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. मूत्रपिंड कमजोर असेल तर फ्लुडाराबिनचा डोस कमी करावा लागतो. पेशींची पिशवी द्रव नायट्रोजनमधून काढून ३७ अंशांवर वितळवतात आणि लगेच देतात. पांढऱ्या पेशी अडवणारा रक्ताचा फिल्टर इथे चुकूनही लावायचा नाही, नाहीतर औषधच फिल्टरमध्ये अडकेल.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६४ रुग्ण होते. ज्यांचा निकाल मोजता आला अशा ५१ जणांपैकी ३७ जणांना, म्हणजे ७३ टक्क्यांना, गुण आला. पेशी पेटून उठल्यावर येणारा ताप आणि रक्तदाब उतरणं, म्हणजे सायटोकाइन रिलीज सिंड्रोम, गंभीर स्वरूपात सुमारे ५ टक्के रुग्णांतच दिसला. हा मोठा दिलासा आहे. पण पांढऱ्या पेशी तीव्रपणे उतरणं जवळपास सर्वांना भोगावं लागलं आणि उपचाराशी संबंधित दोन मृत्यू झाले. शिवाय गुण आला म्हणजे आजार कायमचा गेला असं नाही. काहींचा पुन्हा उलटतो, ल्युकेमियात विशेषतः. तिथे पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं का, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा.

खर्चाच्या अंदाजात पेशींची किंमत मोठ्या अक्षरात असते, बाकीचं नसतं. सायटोकाइन रिलीज सिंड्रोमवरचं टोसिलिझुमॅब (किलोमागे ८ मिलिग्रॅम, एका डोसला कमाल ८०० मिलिग्रॅम), आयसीयूचे दिवस, प्लेटलेट, बुरशीविरोधी औषधं आणि पुढे महिनोन्‌महिने लागू शकणारं इम्युनोग्लोब्युलिन (बाहेरून दिलेली प्रतिपिंडं) यांचा वेगळा हिशेब मागा. विमा कंपनीची मंजुरी पेशी काढण्याआधी लेखी हवी. आधुनिक उपचारांवरची उपमर्यादा, म्हणजे अशा उपचारांना कंपनी जास्तीत जास्त किती देणार ते, पॉलिसीत आतल्या पानावर असते.

राहण्याची सोय जिथे पेशी देणार तिथेच करा. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळाली तरी, पेशी खारघरला देणार असतील तर मध्यरात्री ताप आल्यावर ते अंतर परवडत नाही. चार आठवडे केंद्राजवळ, सोबत एक जबाबदार माणूस, आणि आठ आठवडे गाडी चालवायची नाही. त्या माणसाने रोज रुग्णाकडून एकच वाक्य वहीत लिहून घ्यावं. मेंदूवर परिणाम होऊ लागला की अक्षर आधी बिघडतं, बोलणं बऱ्याचदा नंतर. ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला की घरीच पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही, आधी केंद्राला फोन करायचा. आणि गावाकडे परतल्यावर रक्त चढवायची वेळ आली, तर ते विकिरणित (किरणांनी प्रक्रिया) केलेलंच असावं, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात हे आपणहून कोणाच्या लक्षात येत नाही.