एव्हरेस्ट बेस कॅम्प की अन्नपूर्णा सर्किट: राखीव दिवस कुठे खर्च होतो?

नेपाळमध्ये पहिला मोठा ट्रेक करायचा असे ठरले, की नकाशावर कितीही बोटे फिरवली तरी निवड बहुधा या दोन नावांपाशी येऊन थांबते. मी हे दोन्ही ट्रेक तीन वर्षांच्या अंतराने केले. दोन्ही वेळा पावसाळा ओसरल्यानंतरचा हंगाम होता आणि सोबत तोच एक मित्र होता. एकेका फेरीवरून सरसकट निष्कर्ष काढू नयेत हे मला मान्य आहे, त्यामुळे पुढचे मत त्याच मर्यादेत वाचावे. दिवसांचे तक्ते, परवाने आणि सामानाच्या याद्या सर्वत्र मिळतात, म्हणून त्यांत मी शिरत नाही.

दृश्यांच्या बाबतीत खुंबूचे, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसराचे, पारडे जड आहे, हे आधीच मान्य करतो. नामचे बाजार सोडून तेंगबोचेकडे निघाल्यावर अमा दब्लम जी समोर येते, ती पुढचे दोन-तीन दिवस दर वळणावर नवी वाटत राहते. १९८९ मध्ये आगीत जळालेला आणि पुन्हा उभारलेला तेंगबोचेचा मठ, थुकलाच्या चढावरची गिर्यारोहकांची स्मारके, आणि लोबुचेनंतर डाव्या-उजव्या बाजूंनी अंगावर येणाऱ्या बर्फाच्या भिंती, हे सारे अन्नपूर्णेच्या वाटेवर इतक्या दाटीने भेटत नाही. प्रत्यक्ष बेस कॅम्पवरून, म्हणजे ५,३६४ मीटरवरून, एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही, ही गोष्ट अनेकांना तिथे पोचल्यावरच कळते. त्यासाठी काला पत्थर नावाची टेकडीच चढावी लागते. तिथूनही नुप्त्सेची चकाकती धार आधी डोळ्यांत भरते, आणि तिच्यामागचा काळपट त्रिकोण हाच एव्हरेस्ट, हे कोणीतरी बोट दाखवून सांगावे लागते. तरीही तो त्रिकोण पाहिल्याचे समाधान वेगळेच असते, आणि ज्याने लहानपणापासून त्या नावाचा ध्यास घेतला आहे, त्याला दुसरा कोणताही पर्याय सुचवणे मला धाडसाचे वाटते.

अन्नपूर्णा सर्किटची गोडी वेगळ्या जातीची आहे. बेसीसहर जेमतेम ७६० मीटरवर आहे. तिथली भातखाचरे सोडून मर्स्याङ्दी नदीच्या काठाने वर जाताना आधी झाडी बदलते, मग घरांची छपरे, मग माणसांचे चेहरे आणि प्रार्थना. चामेच्या आसपास देवदार आणि पाइनचे जंगल लागते, पिसांगच्या पुढे जमीन कोरडी पडू लागते, आणि मनांगला पोचेपर्यंत आपण हिमालयाच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत आलो आहोत हे हवेतूनच जाणवते. पुढे ५,४१६ मीटरची थोरांग ला खिंड ओलांडली, की मुक्तिनाथ आणि काली गंडकीचे खोरे. ही वाट कुठेही स्वतःची पुनरावृत्ती करत नाही. बेस कॅम्पच्या ट्रेकमध्ये मात्र थोडेफार फाटे सोडले तर ज्या वाटेने चढलो तीच वाट उतरायची असते, आणि फाक्दिंगच्या अलीकडचे चढ-उतार परतताना फारच लांबतात. उतरण्याच्या दिवसांत पुन्हा चढ लागला, की माणसाचा संयम कसाला लागतो.

आता सर्किटवरच्या सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे येतो. १९७७ मध्ये ही वाट परदेशी ट्रेकर्सना खुली झाली, तेव्हा ती सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासची, तीन आठवड्यांची अखंड पायवाट होती. आज एका बाजूने मनांगपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने मुक्तिनाथपर्यंत गाड्या जातात, आणि म्हणून जुने जाणकार ‘सर्किट संपले’ असे सांगतात. त्यांच्या हळहळीत तथ्य आहे. जगत ते धारापाणी या टप्प्यात जीप आली, की सॅक डोंगराकडे वळवून, रुमाल नाकावर धरून उभे राहावे लागते, आणि धूळ खाली बसेपर्यंत मागची जीप हॉर्न देऊ लागते. पहिल्या दोन दिवसांत मीही वैतागलो होतो. रस्ता टाळून जाणाऱ्या पर्यायी पायवाटा आखलेल्या आहेत आणि दगडांवरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवरून त्या सापडतात, पण त्यासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात. पिसांगपासून खालचा रस्ता सोडून घ्यारू आणि ङावलवरून जाणारी वरची वाट घेतली, तर अन्नपूर्णेची रांग पूर्ण दिवसभर समोर राहते आणि उंचीशी जुळवून घेण्याचे कामही होते. घ्यारूचा चढ मात्र खडा आहे, त्याबद्दल कोणी गोड बोलू लागले तर विश्वास ठेवू नये.

इथवरचे सगळे मी दोन्ही बाजूंनी मांडले. माझा निर्णय मात्र यांतल्या कशानेही झाला नाही. तो झाला लुक्लाच्या, म्हणजे बेस कॅम्पची चाल जिथून सुरू होते त्या गावाच्या, विमानामुळे. अधिक नेमके सांगायचे, तर त्या विमानामुळे राखीव दिवसांची जी गत होते तिच्यामुळे.

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आहे आणि तिला जवळपास १२ टक्के चढ आहे. विमान चढाच्या दिशेने उतरते आणि उताराच्या दिशेने उडते. वैमानिकाला ती डोळ्यांनी दिसावी लागते, त्यामुळे दरीत ढग शिरले की वाहतूक थांबते, आणि ती थांबते हे योग्यच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हंगामाच्या गर्दीत बहुतेक उड्डाणे काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथलीहून होतात, म्हणजे मध्यरात्रीनंतर काठमांडूहून निघून चार-पाच तासांचा रस्ता आधी तुडवावा लागतो. आम्ही बारा दिवस चालण्याचे आणि दोन दिवस राखीव असा हिशेब केला होता. ते दोन्ही राखीव दिवस जाताना मंथलीतच ढगांनी खाल्ले. परतीचे तिकीट तारखेचे, आणि काठमांडूहून पुढचेही तारखेचे. म्हणून दिंगबोचेला, ४,४१० मीटरवर, जी दुसरी रात्र काढायची होती, ती आम्ही गाळली. दोघांनाही त्या संध्याकाळी काहीच त्रास नव्हता, आणि नकाशावर दिवस वाचवायला सर्वांत सोपी जागा तीच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी लोबुचेला मित्राचे डोके दुखू लागले. रात्री त्याने जेवणाचे ताट समोरून सरकवले, पहाटे बुटाची नाडी बांधताना तो मध्येच थांबला आणि ‘कुठली गाठ मारत होतो?’ असे त्याने मला विचारले. गाइडने त्या प्रश्नानंतर एक मिनिटही चर्चा केली नाही. पोर्टरबरोबर त्याला फेरीचेला उतरवले, जिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदत केंद्र आहे, आणि खाली पोचल्यावर दुपारपर्यंत तो ताळ्यावर आला. मी गोरक्षेपला गेलो, बेस कॅम्प पाहिला, दुसऱ्या पहाटे काला पत्थरही केला. ते सगळे मी एकट्याने पाहिले. पुढे तीन दिवसांत धावतपळत, ठरलेल्या तारखेला आम्ही लुक्लाला हजर झालो.

आणि मग तीन दिवस तिथेच बसलो. सकाळी साडेपाचला सॅक भरून, चहाचा पेला हातात घेऊन, काचेवरची वाफ पुसून दरीकडे पाहायचे. भोंगा वाजला की सगळे उठत, खाली दोन विमाने उतरत, त्यांत त्या दिवसाची तिकिटे असलेले लोक चढत, आणि ज्यांचे उड्डाण आदल्या दिवशी रद्द झाले ते आमच्यासारखे लोक रांगेत मागेच राहत. नऊच्या सुमारास ढग पुन्हा वर येत. तिसऱ्या दिवशी मित्र शांतपणे म्हणाला, “यातला एक दिवस दिंगबोचेला मिळाला असता तर?” मला त्यावर उत्तर सुचले नाही, आणि खरे तर आजही सुचलेले नाही.

खुंबूत राखीव दिवस ठेवावे लागतात ते ट्रेकच्या दोन टोकांना, विमानासाठी. विमान वेळेवर निघाले तर ते वाया जातात, न निघाले तर धावपट्टीशेजारच्या बाकावर संपतात. ज्या मधल्या उंचीवर शरीराला खरोखर एक जादा रात्र हवी असते, तिथे ते खर्च करायला हात धजावत नाही, कारण पुढे काय वाढून ठेवले आहे याची खात्री नसते.

सर्किटवर हेच गणित उलटे झाले. मनांगला, ३,५४० मीटरवर, आमच्या दोन रात्री ठरल्या होत्या. दुसऱ्या संध्याकाळी मित्राला पुन्हा हलकी डोकेदुखी झाली आणि आम्ही तिसरी रात्र काढली. त्या निर्णयाला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. पलीकडे मुक्तिनाथला जीप उभी असते हे दोघांनाही ठाऊक होते. मूळ बेत जोमसोम, मार्फा, तातोपानी असे पायी उतरून घोरेपानीवरून पोखरा गाठण्याचा होता, त्यातले हवे तितके दिवस जीपने भरून काढता येणार होते. त्या जादा दिवशी आम्ही गंगापूर्णा हिमनदीच्या तळ्यापर्यंत रमतगमत जाऊन आलो, मोजे धुऊन धाब्याच्या छपरावर वाळत घातले, आणि दुपारी तिथल्या मदत केंद्रात उंचीच्या आजारावरचे व्याख्यान ऐकले. लोबुचेतल्या नाडीच्या गाठीचा अर्थ आम्हाला तिथे नीट कळला, तीन वर्षे उशिरा.

त्यानंतर काही दिवसांनी पहाटे आम्ही दोघे थोरांग लावर एकत्र उभे होतो. ज्या रस्त्याला पहिले दोन दिवस मी दूषणे देत होतो, त्यानेच ही उसंत दिली, हे मान्य करणे मला भाग आहे. जुन्या सर्किटच्या चाहत्यांना हे पटणार नाही याची कल्पना आहे.

अर्थात सर्किटला झुकते माप देताना तिथला धोका लपवणे बरोबर होणार नाही. बेस कॅम्पच्या वाटेवर कुठूनही मागे फिरले की उंची कमी होत जाते. थोरांग ला मात्र एका दिवसात ओलांडावीच लागते. खिंडीच्या पायथ्याच्या फेदीहून निघाल्यास सुमारे ९०० मीटर चढ आणि पलीकडे मुक्तिनाथपर्यंत साडेसोळाशे मीटरच्या आसपास उतार, तोही सुट्या खडीचा. माझ्या गुडघ्यांनी खिंडीच्या चढापेक्षा त्या उताराची आठवण जास्त दिवस जपली. उशीर झाला तर वारा गाठतो, आणि हवामान फिरले तर ती जागा निर्दय आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांतून आलेल्या हिमवादळात या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. बर्फ पडत असेल तर फेदीला थांबावे. इथेही तेच, थांबण्याइतके दिवस हातात असतील तरच माणूस थांबतो.

खाली काली गंडकीच्या खोऱ्यात पायी उतरणार असाल, तर चाल सकाळीच उरकावी. धौलागिरी आणि अन्नपूर्णा या दोन आठ हजारी शिखरांमधल्या फटीतून दुपारी वरच्या तापलेल्या पठाराकडे वारा ओढला जातो, आणि कागबेनीहून जोमसोमकडे जाताना तो नेमका तोंडावर येतो. आम्ही हा टप्पा जीपने केला, त्यामुळे वाऱ्याऐवजी धूळ खाल्ली. पाठीचे जे हाल झाले ते वेगळेच.

खर्चात फारसा फरक नाही असे अनेकजण सांगतात, मला तो जाणवला. खुंबूत रस्ता नसल्याने पिठापासून गॅसपर्यंत सर्व काही माणूस, खेचर, याक किंवा हेलिकॉप्टर यांच्याकरवी वर येते, आणि गोरक्षेपला पोचेपर्यंत गरम पाण्याच्या थर्मासची किंमत विचारताना आवाज आपोआप खाली जातो. त्या हेलिकॉप्टरांबद्दलही सांगायला हवे. हवा स्वच्छ असलेल्या सकाळी त्यांची घरघर दरीत सतत घुमत राहते, आणि शांततेच्या शोधात इतक्या उंचावर आलेल्या माणसाला ती खटकते. मनांगच्या वरच्या बाजूला याक खर्काकडे जाताना आम्हाला दिवसभरात फक्त घंटा ऐकू आल्या.

ज्याच्याकडे नेमके चौदा-पंधरा दिवस आहेत आणि परतीची तारीख हलू शकत नाही, त्याने माझ्या मते सर्किट करावे. ज्याच्याकडे तीन आठवडे आहेत आणि मनात एव्हरेस्टच आहे, त्याने खुशाल खुंबूत जावे, पण साल्लेरीपर्यंत जीपने आणि तिथून पायी लुक्ला गाठण्याचा विचार करावा. त्यात दोन-तीन दिवस वाढतात, पण शरीर हळूहळू वर जाते आणि ढगांकडे पाहत बसावे लागत नाही. माझ्या मित्राला बेस कॅम्प अजून पाहायचा आहे. पुढच्या हंगामात मीही त्याच्याबरोबर जावे असा त्याचा आग्रह आहे, आणि साल्लेरीहून जाणार असू तरच येईन, असे मी त्याला कळवले आहे. दिंगबोचेला तीन रात्री त्याने आधीच धरल्या आहेत.