हिप्परग्याचा तलाव की उजनीचा काठ: सोलापूरकरांसाठी सुट्टीच्या घराची जागा

पाण्याकाठी स्वतःच्या आराखड्याप्रमाणे सुट्टीचे घर बांधू पाहणाऱ्या सोलापूरकरासमोर प्रामुख्याने दोन जागा येतात: तुळजापूर रस्त्यावरचा एकरुख म्हणजेच हिप्परग्याचा तलाव आणि माढा-करमाळा तालुक्यांतील उजनीचा काठ. निवड करताना पहिला प्रश्न हा विचारावा, की मे महिन्यात व्हरांड्यातून पाणी दिसणार आहे का?

उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय १९८० साली पूर्ण झाला. सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे एरवी वापरासाठी न काढला जाणारा तळाचा साठा आहे. तरीही अवर्षणात धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे या मृत साठ्याच्याही खाली जाते आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे बुडालेले प्राचीन मंदिर उघडे पडते. काठ सपाट असल्याने पाणी लांबवर मागे सरकते आणि घरासमोर उरते ती गाळपेर जमीन, जिच्यात पिके उभी असतात. ती जमीन जलसंपदा विभागाची असून तात्पुरत्या भाडेपट्ट्याने कसायला दिली जाते, त्यामुळे ‘बॅकवॉटर टच’ म्हणून दाखवलेल्या प्लॉटची हद्द पाण्याला भिडत असल्याचे सांगितले, तर मोजणीचा नकाशा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. दलाल जागा दाखवतात ती बहुधा पावसाळ्यानंतर, धरण भरलेले असताना. आपण ती उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा पाहावी.

अदिला नदीवरचा, १८७१ साली पूर्ण झालेला हिप्परग्याचा तलाव त्या मानाने फार लहान आहे आणि कमी पावसाच्या वर्षी त्याचेही पाणी आटते. दृश्याच्या बाबतीत तो उजनीची बरोबरी करू शकत नाही. मात्र शहरातून तेथे अर्ध्या तासात पोहोचता येते, तर उजनीसाठी जाताना दीड-दोन तास सहज मोडतात. आपल्या आराखड्याचे घर बांधून घेताना पाया खोदल्यावर, सळई बांधल्यावर आणि स्लॅबच्या दिवशी मालक जागेवर असावा लागतो, आणि पुढे पाणी मारण्याच्या काळातही लक्ष ठेवावे लागते. शिवाय जे घर रविवारी सकाळी ठरवून गाठता येते, तेच घर वापरात राहते.

दिशेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. उजनी ज्या भीमा नदीवर आहे, ती वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते, त्यामुळे करमाळ्याच्या काठावरून पाणी साधारणपणे नैर्ऋत्येला दिसते, म्हणजे नेमके तिसऱ्या प्रहरच्या उन्हाच्या बाजूला. पारा चाळीसच्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात त्या बाजूला मोठ्या काचा लावणे म्हणजे दिवाणखाना तापवून ठेवणे होय. तेथे खोल व्हरांडा आणि जाड भिंती हव्यात. समोरच्या इंदापूरच्या काठावरून मात्र पाणी ईशान्येला येते, आणि तो प्रकाश सौम्य असतो. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, हे उजनीचे खरे वैभव. पण पुणे-पिंपरीचे सांडपाणी याच जलाशयात येत असल्याने हिरवा तवंग आणि दुर्गंधी यांचा त्रास काही वेळा होतो, हेही शयनगृहाची जागा ठरवताना ध्यानात घ्यावे.

काळी माती दोन्हीकडे मिळू शकते. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पायावरील भिंतींना तडे जातात. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा, आणि थर फार जाड असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल नेलेल्या आणि तळाशी रुंद केलेल्या काँक्रीटच्या खांबांचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

कागदपत्रांत सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असल्यास थांबावे, कारण पुनर्वसनात मिळालेल्या अनेक जमिनी याच वर्गात असतात आणि त्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. शेतजमीन विकत घेण्यासाठी खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो. या अटीत न बसणाऱ्याने केवळ मंजूर रेखांकनातील बिनशेती प्लॉटच पाहावेत. पूररेषेचा नकाशा तपासल्याशिवाय विसारही देऊ नये.

वर्षातून दोन-तीनदा, थंडीत पक्ष्यांसाठी जाणाऱ्या कुटुंबाने उजनी निवडावी. दर आठवड्याला आईवडील आणि मुलांसह जायचे असेल, तर मी हिप्परग्याच्या बाजूचा, पाण्यापासून थोडा उंचावरचा प्लॉट सुचवेन.