८१२ रेझिन किट: रोगप्रतिकारक पेशींच्या टीईएम कामासाठी घ्यावं का?

न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, मास्ट पेशी, मॅक्रोफेज, लँगरहान्स पेशी यांची अंतर्गत रचना ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असेल, तर ८१२ गटातलं इपॉक्सी किट घ्या, असंच आम्ही सांगू. या किटमधल्या रेझिनमध्ये पेशी मुरवून कडक ब्लॉक करायचा, म्हणजे तो अतिपातळ कापता येतो. नुसती रचना पाहायची असेल तर पाचपैकी साडेचार गुण. प्रथिनं शोधण्यासाठी अँटिबॉडी लावून तिला जोडलेले सोन्याचे कण मोजायचे असतील तर एक. अर्धा गुण कापला तो पाण्यासाठी. या किटला पाणी अजिबात खपत नाही, आणि बिघडलेल्या बहुतेक ब्लॉकचं मूळ तिथंच सापडतं.

आधी नावाचा घोळ. १९६१ साली लुफ्टने ज्या एपॉन ८१२ वर आपली कृती बसवली, ते मूळ रेझिन शेल कंपनीने केव्हाच बंद केलं. आज ‘८१२’ म्हणून जे मिळतं ते सगळे पर्याय आहेत. ते चांगलं काम देतात, पण प्रत्येकाचा इपॉक्सी-तुल्यांक (हार्डनर किती लागेल ते ठरवणारा आकडा) थोडा वेगळा असतो. जुन्या प्रबंधातली मापं डोळे झाकून वापरू नका, खोक्यातल्या कागदावरची वापरा. किटमध्ये चार बाटल्या येतात: रेझिन, डीडीएसए आणि एनएमए हे दोन हार्डनर (रेझिनशी जुळून ते गोठवणारे), आणि प्रवेगक, म्हणजे ही क्रिया वेगाने घडवणारं द्रव्य. प्रवेगक डीएमपी-३० किंवा बीडीएमए यांपैकी निवडता येतो. आमची पसंती बीडीएमएला. ते पातळ असल्यामुळे घट्ट पेलेटमध्ये (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळ्यात) सहज शिरतं आणि बाटलीत जास्त दिवस टिकतं. डीएमपी-३० दाट असतं आणि जुनं झालं की ब्लॉक ठिसूळ किंवा चिकट निघतात.

नेहमीचं माप रेझिन २० मिलि, डीडीएसए १६ मिलि, एनएमए ८ मिलि. त्यात डीएमपी-३० असेल तर सुमारे दीड टक्का, बीडीएमए असेल तर अडीच ते तीन टक्के. मोजनळीत हे मापू नका. अर्धं रेझिन काचेलाच चिकटून राहतं. टाकाऊ प्लास्टिक बीकर तराजूवर ठेवून वजनाने घ्या, घनता बाटलीवर दिलेली असते. डीडीएसए वाढवलं तर ब्लॉक मऊ होतो, एनएमए वाढवलं तर कडक. पेलेटच्या कामाला थोडा कडक ब्लॉक बरा पडतो. पहिले तीन घटक एकजीव झाल्यावरच प्रवेगक घाला, मग पुन्हा दहा मिनिटं हळूहळू ढवळा. नीट ढवळलं नाही तर एकाच ब्लॉकचा एक कोपरा दगडासारखा आणि दुसरा खोडरबरासारखा निघतो. फेटल्यासारखं ढवळलं तर बुडबुडे अडकतात. मिश्रण निर्वातपात्रात थोडा वेळ ठेवलं की ते निघून जातात.

आता पाण्याचं. डीडीएसए आणि एनएमए दोन्ही अ‍ॅनहायड्राइड. हवेतली ओल मिळाली की त्यांचं आम्ल होतं, आणि मग ते रेझिनशी ठरल्याप्रमाणे जुळत नाहीत. फ्रीजमधली बाटली बाहेर काढल्या काढल्या उघडली की आत दव जमतं. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, घाई असली तरी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे दुप्पट जपायला हवं. बाटल्या सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा आणि शुद्ध अल्कोहोलची बाटली महिनोन्‌महिने उघडझाक करून वापरू नका. ‘१०० टक्के’ लिहिलेलं अल्कोहोल जुलैच्या अखेरीस १०० टक्के राहिलेलं नसतं. त्यात मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे खडे) टाकून ठेवा, पण त्याची धूळ नमुन्यात जाऊ देऊ नका, ती हिऱ्याच्या सुरीची धार घालवते.

किट कितीही चांगलं असलं तरी त्यात जाणाऱ्या पेशी आधीच चिडलेल्या असतील तर उपयोग नाही. न्यूट्रोफिलला बर्फात ठेवून पुन्हा गरम केलं किंवा जोरात फिरवलं की त्याचा आकार बदलतो, कणिका रिकाम्या होऊ लागतात. म्हणून पेशी ज्या माध्यमात आहेत त्यातच तितकंच दुप्पट तीव्रतेचं फिक्सेटिव्ह (पेशी आहे त्या स्थितीत थिजवणारं द्रावण) घाला, म्हणजे शेवटी ०.१ मोलर कॅकोडायलेट बफरमध्ये (पीएच ७.४) अडीच टक्के ग्लुटारअल्डिहाइड राहील. खोलीच्या तापमानाला एक तास, आणि सेंट्रिफ्यूज त्यानंतर: ३०० जी, पाच मिनिटं. पेलेट ४० अंशांच्या आसपास उबदार ठेवलेल्या दोन टक्के लो-मेल्ट अ‍ॅगरोजमध्ये घ्या, गोठू द्या आणि एक मिलिमीटरचे तुकडे करा. त्याहून मोठा तुकडा ठेवला तर पुढच्या टप्प्यातलं ऑस्मियम (पडदे टिकवून गडद करणारं द्रव्य) मध्यापर्यंत पोहोचत नाही. कडेच्या पेशी सुरेख आणि मधल्या फिक्या दिसल्या की समजा तुकडा मोठा होता.

एक टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड एक तास. पडद्यांवर जोर हवा असेल तर त्यात दीड टक्का पोटॅशियम फेरोसायनाइड. लँगरहान्स पेशींसाठी तर हे कराच. त्यांची ओळख म्हणजे बिर्बेक कणिका, ही टेनिसच्या रॅकेटीसारखी रचना, तिच्या दांड्याच्या मधोमध झिपसारखी रेघ असते. पडदे स्वच्छ उठले नाहीत तर ती झिप दिसत नाही, आणि झिप दिसली नाही तर ओळख पटवणं अवघड. ऑस्मियमनंतर, कापण्याआधीच, अख्ख्या तुकड्याला युरेनिल अ‍ॅसिटेट (कॉन्ट्रास्ट वाढवणारं रंगद्रव्य) द्यायचं असेल तर त्याआधी फॉस्फेट पूर्ण धुऊन काढा, नाहीतर पेशीभर काळी वाळू बसते.

किटची खरी परीक्षा कणिकांवर होते. माणसाच्या इओसिनोफिलची विशिष्ट कणिका जवळून पाहा: फिकट गराच्या मधोमध एक काळसर, काटकोनी वडी. ती मेजर बेसिक प्रोटीनची स्फटिकरचना. रेझिन नीट मुरलं असेल तर वडीची कड सुरीने कापल्यासारखी दिसते आणि गर तिला सगळीकडून चिकटलेला असतो. कमी मुरलं असेल तर कणिकेच्या जागी पांढरं भोक राहतं, कारण कापताना गाभा उपटून निघतो. नवख्या माणसाला ते भोक पेशीने कणिका रिकामी केल्याचा पुरावा वाटतं. फरक ओळखायची खूण आहे. रिकाम्या झालेल्या कणिकेभोवती पडदा शाबूत असतो आणि आत थोडा गर उरलेला असतो. फाटलेल्या भोकाची कड ओबडधोबड असते आणि तिथून रेझिनही गेलेलं असतं. मास्ट पेशीतही तेच. फुफ्फुसातल्या मास्ट पेशींच्या कणिकांत कागदाच्या गुंडाळ्यांसारख्या रचना दिसतात, त्वचेतल्यांत जाळी जास्त. रेझिन नीट मुरलं नसेल तर गुंडाळी आणि जाळी दोन्ही काळ्या डागात बुडतात.

न्यूट्रोफिलच्या बाबतीत एक सूचना. परिपक्व पेशीत नुसत्या आकारावरून अझुरोफिल आणि विशिष्ट, या कणिकांच्या दोन जाती वेगळ्या करायला जाऊ नका. फिक्सेशननंतर आणि ऑस्मियमच्या आधी डायअमिनोबेंझिडिन व हायड्रोजन पेरॉक्साइड द्या. पेरॉक्सिडेज असलेल्या अझुरोफिल कणिका काळ्या उठतात, विशिष्ट कणिका फिक्या राहतात. ८१२ मध्ये हा काळा रंग नीट टिकतो, हा या किटचा मोठा गुण.

मुरवण्याचं वेळापत्रक असं: अल्कोहोल ३०, ५०, ७०, ९० टक्के, प्रत्येकी दहा मिनिटं, शुद्ध अल्कोहोल तीनदा, प्रोपिलीन ऑक्साइड दोनदा, मग प्रोपिलीन ऑक्साइड आणि रेझिन समप्रमाणात दोन तास, एकास तीन रात्रभर, फिरत्या चाकावर, शेवटी निव्वळ रेझिन तीनदा, दर वेळी दोन-तीन तास. ६० अंशांवर ४८ तास. उत्पादकाच्या कागदावर याहून छोटं वेळापत्रक असलं तरी कणिकांनी भरलेल्या पेशींना रात्रभरचा टप्पा द्याच.

प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवलेल्या मॅक्रोफेजना मात्र प्रोपिलीन ऑक्साइड देऊ नका. पॉलिस्टायरिन त्यात विरघळतं आणि सगळा चिकट लगदा होतो. पेशी अ‍ॅक्लार नावाच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यावर वाढवा, अल्कोहोलवरून थेट अल्कोहोल-रेझिन मिश्रणावर या, आणि ब्लॉक कडक झाल्यावर पापुद्रा सोलून काढा. मॅक्रोफेज चिकटलेल्या अवस्थेतच राहतो, त्याचे पसरलेले पाय मोडत नाहीत.

कापायला हा ब्लॉक समजूतदार आहे. आधी अर्ध्या ते एक मायक्रॉनचं सेक्शन, टोल्युइडिन ब्लू, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जागा निवडा. मग ४५ अंशांच्या हिऱ्याच्या सुरीवर ६० ते ८० नॅनोमीटर, सेकंदाला एक मिलिमीटरच्या आसपास वेग. पाण्यावर तरंगणारी पट्टी चंदेरी दिसायला हवी. सोनेरी दिसली तर जाड झाली. समांतर पट्टे उठले तर ब्लॉक मऊ आहे किंवा नीट आवळलेला नाही. आधी आवळून पाहा, मग ब्लॉक आणखी एक दिवस ओव्हनमध्ये ठेवा. रंगवताना लेड सायट्रेटच्या थेंबाशेजारी सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवून झाकण लावा आणि श्वास दुसरीकडे सोडा. कर्बवायू लागला की लेड कार्बोनेटचे काळे ठिपके पडतात, आणि ते हुबेहूब छोट्या कणिकांसारखे दिसतात.

कशासाठी घेऊ नये, तेही सांगायला हवं. ऑस्मियम आणि इपॉक्सी मिळून बहुतेक अँटिजेन झाकून टाकतात. डेन्ड्रिटिक पेशीतला एमएचसी-२ (अँटिजेन इतर पेशींना दाखवणारं प्रथिन) दाखवायचा असेल तर एलआर व्हाइट रेझिन, कमी तापमानावरचं लोविक्रिल रेझिन किंवा टोकुयासूच्या पद्धतीची, रेझिनशिवाय गोठवून कापलेली सेक्शनं, या मार्गाने जा. सोडियम मेटापीरियोडेटने ८१२ चं सेक्शन खरवडून कणिकांतली दाट साठलेली प्रथिनं कधीकधी पकडता येतात, पण त्या भरवशावर किट घेऊ नका. आणि विषाणूंची जी चित्रं आपण वर्तमानपत्रात पाहतो, उदाहरणार्थ पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये घेतलेलं सार्स-कोव्ह-२ चं चित्र, त्यांतली बरीचशी निगेटिव्ह स्टेनिंगची असतात, म्हणजे कणाभोवतीची जागा गडद रंगवून घेतलेली. तिथं रेझिन लागतच नाही.

स्पर हे दुसरं इपॉक्सी रेझिन आणि ८१२ यांत निवड करायची असेल तर इथं ८१२. १९६९ चं स्पर रेझिन पातळ असतं, वनस्पतीच्या भित्तिकांत छान शिरतं, पण त्याचा मूळ घटक ईआरएल-४२०६ विषारी ठरून बाजारातून गेला आणि आता ईआरएल-४२२१ वर बसवलेली कृती वापरावी लागते. शिवाय पडद्यांचा कॉन्ट्रास्ट ८१२ मध्ये सरस येतो.

सुरक्षिततेत कसूर नको. न गोठलेलं रेझिन लॅटेक्सच्या हातमोज्यातून जातं आणि एकदा अ‍ॅलर्जी बसली की कायमची. नायट्राइलचे दोन थर घाला, वरचा थर दर वेळी बदला. प्रोपिलीन ऑक्साइड ३४ अंशांना उकळतं, उन्हाळ्यात बाटलीचं झाकण फ्यूम हूडमध्येच उघडा. उरलेलं रेझिन, बीकर, काड्या सगळं ६० अंशांवर गोठवूनच कचऱ्यात द्या.

पहिल्यांदा घेत असाल तर सर्वांत लहान पॅक घ्या. मोठं किट स्वस्त पडतं खरं, पण महिन्याला चार-पाच ब्लॉक करणाऱ्या प्रयोगशाळेत एनएमएची बाटली संपायच्या आधी ओलावते. उघडल्याची तारीख प्रत्येक बाटलीवर लिहा. प्रवेगक घातलेलं मिश्रण उरलं तर सिरिंजमध्ये हवा न ठेवता भरा, उणे २० अंशांवर ठेवा आणि वापरण्याआधी सिरिंज पूर्ण कोमट होऊ द्या.