एसडीएस१०० आणि मिनेसोटाचं 'आर्मर': हिवाळाभर वापरल्यानंतर

पोलिस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका रेडिओवर काय बोलतात ते घरबसल्या ऐकायचं, एवढ्यासाठी एसडीएस१०० या स्कॅनरवर, म्हणजे असं बोलणं शोधून ऐकवणाऱ्या हातातल्या रेडिओवर, सातशे डॉलरच्या आसपास घालवावेत का? घेताना हा प्रश्न बायकोने विचारला होता, आता मंडळातली मंडळी विचारतात. माझं उत्तर विचारणारा कुठे राहतो त्यावर ठरतं. मी मिनिआपोलिसच्या पश्चिमेला, प्लिमथमध्ये राहतो. इथे या यंत्राचे पैसे वसूल होतात. ब्रेनर्ड किंवा बेमिजीसारख्या लहान गावाकडच्या माणसाला मी सरळ सांगेन, निम्म्या किमतीचं घे.

कारण सांगायचं तर आधी थोडं 'आर्मर'विषयी. 'अलाइड रेडिओ मॅट्रिक्स फॉर इमर्जन्सी रिस्पॉन्स' हे त्याचं पूर्ण नाव, म्हणजे मिनेसोटातल्या पोलिस, अग्निशमन अशा विभागांचं सामाईक रेडिओ जाळं. राज्यभर तीनशेहून जास्त मनोरे, ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि पी२५ ही डिजिटल पद्धत. मनोऱ्यांचा कणा राज्याचं वाहतूक खातं, म्हणजे मिनडॉट, सांभाळतं आणि ८७ काउंट्यांतले (जिल्ह्यांतले) विभाग त्यावर बोलतात. कुणालाही स्वतःची कायमची फ्रिक्वेन्सी नाही. प्रत्येक विभागाला टॉकग्रुपचा, म्हणजे बोलणाऱ्यांच्या गटाचा, नंबर असतो. बटण दाबलं की कंट्रोल चॅनल, म्हणजे सगळ्या रेडिओंना सूचना देणारी वाहिनी, त्या क्षणी मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी देतो, बोलणं संपलं की काढून घेतो. पुढचं वाक्य भलत्याच फ्रिक्वेन्सीवर येऊ शकतं. स्कॅनर कंट्रोल चॅनलला कान लावून बसतो आणि त्याच्या मागे उड्या मारतो. १ ऑगस्ट २००७ ला मिसिसिपीवरचा आय-३५डब्ल्यू पूल कोसळला, १३ माणसं गेली. त्या संध्याकाळी वेगवेगळ्या विभागांना एकमेकांशी बोलता आलं याचं श्रेय या जाळ्याला दिलं जातं.

आता किमतीचा मुद्दा. शहरी भागात 'आर्मर' सायमलकास्टवर चालतं. म्हणजे अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी, तेच बोलणं सोडतात. गल्लीच्या दोन टोकांना एकाच गणपती मंडळाचे भोंगे लावले की मधोमध उभ्या माणसाला आरतीचे शब्द कळत नाहीत, आवाज मात्र दणदणीत असतो. जुन्या पद्धतीच्या स्कॅनरचं इथे नेमकं तेच होतं. सिग्नलच्या दांड्या भरलेल्या, पण कानावर येते ती खरखर किंवा तुटक अक्षरं. युनिडेन या कंपनीने २०१८ मध्ये एसडीएस१०० आणला तो यावरच उपाय म्हणून. त्यातला आय-क्यू रिसीव्हर सिग्नलचा जोर आणि फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) दोन्ही पाहतो, त्यामुळे एकमेकांत मिसळलेल्या प्रतींमधूनही त्याला मूळ आकडे काढता येतात. माझ्याकडे आधी एक जुना डिजिटल स्कॅनर होता. त्यावर आमच्या हेनेपिन काउंटीच्या पश्चिम भागाचं अग्निशमन डिस्पॅच (गाड्यांना कुठे जायचं ते सांगणारं बोलणं) अर्धंमुर्धं ऐकू यायचं. यावर पत्त्यासकट स्वच्छ येतं. गावाकडचे मनोरे बहुतेक एकेकटे असतात, तिथे ही भानगडच नाही. म्हणून बेमिजीवाल्याने निम्म्या किमतीचं घ्यावं.

स्वच्छ येतं म्हटलं, तरी जागा बघावी लागते. या पट्ट्यात तरंगलांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर. यंत्र टेबलाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं तरी आवाज सुधारतो किंवा बिघडतो. डिजिटल एररचा आकडा स्क्रीनवर आणून ठेवा आणि त्याच्याकडे बघत जागा शोधा, दांड्यांकडे बघून नव्हे. माझा खिडकीच्या डाव्या बाजूला, छोट्या ८०० मेगाहर्ट्झच्या अँटेनावर सगळ्यात नीट चालतो. छतावर मोठी अँटेना चढवायची हौस असेल तर जरा थांबा. सायमलकास्टमध्ये जास्त मनोरे ऐकू येणं हा तोटा असतो. चढवायचीच तर यागी, म्हणजे एकाच दिशेने ऐकणारी अँटेना, चढवा आणि एकाच मनोऱ्याकडे रोखा.

दुसरी गोष्ट विकत घेण्याआधी कळायला हवी. जाळं राज्यभर आहे म्हणून राज्यभराचं ऐकू येत नाही. एखादा टॉकग्रुप तुमच्या जवळच्या मनोऱ्यावर तेव्हाच येतो, जेव्हा त्या गटावर असलेला कुणाचा तरी रेडिओ त्या मनोऱ्याशी जोडलेला असतो. लांबच्या डुलुथ शहरातली आग प्लिमथमध्ये ऐकू येणार नाही. तिथली एखादी गाडी इकडे आली आणि तिने आपला टॉकग्रुप लावून ठेवला, तर मात्र घरबसल्या डुलुथ! असं क्वचित घडतं, आणि घडलं की मला उगाच आनंद होतो.

हिवाळ्यात मला सगळ्यात जास्त करमणूक मिनडॉटच्या बर्फ हटवणाऱ्या नांगरगाड्यांनी केली. बर्फाच्या पहाटे, शाळांचे निरोप यायच्या आधी, ४९४ आणि हायवे ५५ च्या जंक्शनला काय परिस्थिती आहे ते चालकांच्या तोंडून कळतं. रस्त्याचं तापमान १५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की साधं मीठ फारसं काम करत नाही. मग कुठे काय टाकायचं, कुठला रॅम्प आधी घ्यायचा, कुणाची पात कशाला आपटली, अशी चर्चा चालते. आवाज शांत, अर्धवट झोपेतले, कुणी चिडत नाही. हवामानाच्या ॲपपेक्षा माझा यांच्यावर विश्वास जास्त. मिनडॉट दरवर्षी लोकांकडून नांगरगाड्यांना नावं मागवतं, पहिल्याच वर्षी 'प्लावी मॅकप्लाउफेस' जिंकलं. रेडिओवर मात्र ते नाव मला अजून एकदाही ऐकू आलेलं नाही.

अग्निशमनच्या कॉलमध्ये खऱ्या आगी फार थोड्या. बर्फावर घसरून पडलेली माणसं, छातीत दुखणं, आणि अपार्टमेंटचे स्मोक अलार्म. 'कुकिंग स्मोक' म्हणून निम्म्या वाटेतून गाड्या परतल्या की आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघतात. फोडणी कुणाकडची असेल यावर पैजा लागतात.

पोलिसांचं मात्र ऐकू येणं कमी होत चाललंय. मिनिआपोलिस पोलिसांनी मे २०२५ मध्ये आपलं रेडिओवरचं सगळं बोलणं एन्क्रिप्ट केलं, म्हणजे चावीशिवाय कुणाला कळणार नाही असं झाकलं. हे उघडायची सोय कुठल्याही स्कॅनरमध्ये नाही, आणि तशी चावी विकतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. लोकांची खाजगी माहिती हवेत जाते हे त्यांचं म्हणणं मला पटतं; मीच ती ऐकत होतो की. पण सगळंच झाकायची गरज नव्हती. साधं डिस्पॅच उशिराने का होईना, पत्रकारांना तरी ऐकू द्यायला हवं होतं, असं माझं मत आहे. तुम्ही पोलिसांसाठीच हे घेणार असाल आणि मिनिआपोलिसमध्ये राहत असाल, तर पैसे वाचवा.

खाजगीपणाचा प्रश्न रुग्णवाहिकांच्या बाबतीतही येतो. वय, त्रास, घर नंबर, सगळं ऐकू येतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हेलिकॉप्टर का घिरट्या घालतंय, स्कॅनरवाले दादा सांगा' असा मेसेज आला की मी रस्ता बंद आहे का एवढंच सांगतो. कुणाच्या घरी काय झालं ते नाही.

प्रोग्रॅमिंगची भीती घालणारे बरेच भेटतील. झिप कोड टाकला की यंत्र बोलायला लागतं, हे खरं आहे. पण मग ते सगळंच बोलतं: शाळेच्या बस, पाणीखातं, देखभालवाले. सेंटिनेल या सॉफ्टवेअरमध्ये बसून स्वतःची फेव्हरिट लिस्ट बनवल्याशिवाय मजा नाही, आणि त्यासाठी विंडोजचा संगणक लागतो. माझ्या यादीत फक्त माझ्या भागाची साइट (मनोरा किंवा एकत्र चालणारे मनोरे) आणि निवडक टॉकग्रुप आहेत. जास्त साइट भरल्या की यंत्र फिरत राहतं आणि नेमका कॉल सुटतो. एवढं सतत गणित करायचं म्हणजे वीजही खाणारच, त्यामुळे माझा बहुतेक वेळ यूएसबीला जोडलेलाच असतो.

गाडीत ठेवणार असाल तर आधी कायदा वाचा. मिनेसोटात कलम २९९सी.३७ नुसार पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी ऐकू शकणारं यंत्र परवानगीशिवाय गाडीत बाळगता येत नाही. हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवानाधारकांना यातून सूट आहे. त्यातल्या टेक्निशियन या सुरुवातीच्या परवान्याची परीक्षा ३५ प्रश्नांची, २६ बरोबर आले की पास, मोर्स कोड लागत नाही. मी ती दिली, आणि त्या निमित्ताने ॲफिलिएशन, मॉड्युलेशन वगैरे शब्दांना अर्थ आला. सुट्टीत हे यंत्र पुण्याला घेऊन जायचा विचार मात्र करू नका. भारतात वायरलेस यंत्र बाळगण्याला १९३३ च्या कायद्यापासून परवान्याची अट आहे. विमानतळावर समजावत बसावं लागेल.

हात चालवायची तयारी असेल तर एक स्वस्त रस्ता आहे. आरटीएल-एसडीआरच्या दोन डोंगल (यूएसबीत खोचायचे छोटे रेडिओ रिसीव्हर), जुना लॅपटॉप आणि एसडीआरट्रंक हे फुकटचं सॉफ्टवेअर. एक डोंगल कंट्रोल चॅनल धरते, फ्रिक्वेन्सी लांब पसरलेल्या असतील तर दुसरी उरलेल्या सांभाळते. एकाच वेळी चार संभाषणं रेकॉर्ड होतात, हे माझ्या महागड्या यंत्राला जमत नाही. पण स्वयंपाकघरात नेऊन पोळ्या करता करता ऐकायला लॅपटॉप सोयीचा नाही, आणि घरातल्या इतर कुणाला तो चालू करता येत नाही.

घ्यायचं ठरवलं तर आधी रेडिओरेफरन्स या वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये आपली काउंटी उघडा आणि टॉकग्रुपच्या यादीत मोडचा रकाना बघा. नुसतं 'डी' असेल तर ऐकू येईल. पुढे लहान लिपीतलं 'ई' असेल तर अधूनमधून झाकलेलं, मोठ्या लिपीतलं असेल तर पूर्ण बंद. तुम्हाला हवे असलेले निम्मे गट मोठ्या 'ई'चे निघाले, तर त्या सातशे डॉलरमध्ये चांगली स्नो-ब्लोअर येते.