घाटावरून येणारे 'घोड्यांचे गवत': गठ्ठा सोडून पाहिल्यावर

गोव्यात घोडा ठेवायचा तर सुके गवत बहुतेक घाटावरूनच आणावे लागते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सड्यावर गवतही भरपूर येते. पण कापून वाळवायचे दिवस येतात तेव्हा हवा दमट असते आणि पसरलेले गवत परतीच्या पावसात सापडते. म्हणून चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून येणाऱ्या गाड्यांवर भिस्त. बार्देश, तिसवाडी आणि पेडण्यात घरपोच देणाऱ्या अशाच एका पुरवठादाराच्या 'घोड्यांसाठी निवडलेले गवत' या मालाचे हे परीक्षण. नोव्हेंबरअखेरची एक गाडी आणि फेब्रुवारीतली दुसरी, प्रत्येकीतले सहा गठ्ठे पूर्ण सोडून आणि झटकून पाहिले आहेत. पाचपैकी तीन गुण, आणि तेही दुसऱ्या गाडीच्या जोरावर.

चांगले आधी सांगतो. गवत वाळवलेले नीट आहे. गठ्ठ्याच्या मधोमध हात घातला तर गरम किंवा ओलसर लागत नाही, आंबूस वास नाही, झटकल्यावर पांढरी भुकटी उडत नाही. मारवेल हे कसदार गवत बऱ्यापैकी आहे, पानांचे प्रमाण पहिल्या गाडीत जास्त. कुसळी हे टोचरे गवत मात्र दोन्ही गाड्यांत होते. त्याची अणकुचीदार कुसळे हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, त्यामुळे घोडा चघळता चघळता गवताचे गोळे खाली टाकू लागला तर आधी तोंड तपासावे. गठ्ठा पंधरा किलोचा सांगतात, भरतो तेरा ते चौदा. भाव गठ्ठ्यावर ठरवू नका, काट्यावर वजन करून किलोवर ठरवा. दोरी प्लॅस्टिकची आहे. कापलेले तुकडे मोजून बाजूला ठेवा, पोटात गेले तर आतडे अडते.

आता 'निवडलेले' या शब्दाकडे. काडीकचरा, दगड आणि काटेरी फांद्या काढलेल्या आहेत, हे खरे. विषारी झाडे काढलेली नाहीत. नोव्हेंबरच्या सहा गठ्ठ्यांपैकी चारांत खुळखुळ्याच्या शेंगा निघाल्या.

खुळखुळा सड्यावर, बांधावर, रस्त्याकडेला सगळीकडे उगवतो. पिवळी फुले, फुगीर शेंग, वाळली की आत दाणे वाजतात, म्हणून हे नाव. यातली अल्कलॉइड द्रव्ये यकृतात गेली की तिथेच त्यांचे विषारी रूप तयार होते आणि ते पेशींच्या केंद्रकाला चिकटून बसते. अशा पेशी फुगतात, पण विभागत नाहीत. त्या मेल्या की जागी नवी पेशी येत नाही, वण येतो. एका घासाने काही दिसत नाही. रोज थोडे थोडे पोटात गेले तर आठवडे किंवा महिने सरल्यावर घोडा वाळू लागतो, सारखा जांभया देतो, गोल गोल फिरतो, भिंतीला डोके टेकून उभा राहतो, डोळ्यांची आतली बाजू पिवळी दिसते, नाकावरच्या आणि पायांच्या पांढऱ्या कातडीला ऊन लागून खपल्या धरतात. इतकी लक्षणे दिसेपर्यंत यकृताचा मोठा भाग गेलेला असतो आणि तो परत मिळवून देणारे औषध नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात खुळखुळ्याच्या जातींमुळे घोड्यांना होणाऱ्या या रोगाला किंबर्ली या तिथल्या प्रदेशाचेच नाव पडले आहे.

कुरणात उभा असलेला हिरवा खुळखुळा घोडा सहसा टाळतो, निदान दुसरे गवत असेपर्यंत. गठ्ठ्यात तो टाळू शकत नाही. वाळल्यावर कडूपणा आणि वास बराच उतरतो, विष मात्र तसेच राहते. त्यामुळे 'जनावराला कळते' हा भरवसा सुक्या गवताला लागू पडत नाही. घोड्याला ओकताही येत नाही, हेही लक्षात घ्या.

'शेळ्या खातात, त्यांना काही होत नाही,' असे पुरवठादाराचे माणूस सांगते. शेळ्या-मेंढ्या हे विष घोड्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतात, म्हणून तो दाखला इथे कामाचा नाही. सुबाभळीचेही तसेच. गुरांच्या आणि शेळ्यांच्या पहिल्या पोटातले जिवाणू तिच्यातले मिमोसीन मोडू शकतात. घोड्याला ती सोय नाही, त्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस झडतात. याच पुरवठादाराच्या हिरव्या चाऱ्यात सुबाभळीच्या फांद्या येतात. त्या घेऊ नयेत.

खुळखुळ्याच्या जोडीने टाकळ्याच्या शेंगा होत्या: बारीक, लांब, विळ्यासारख्या वाकलेल्या. आपण पहिल्या पावसात तायकिळ्याची भाजी करतो ती याच झाडाच्या कोवळ्या पाल्याची, त्यामुळे त्याला विषारी म्हटले की लोकांना पटत नाही. पण पिकलेले बी म्हणजे भाजी नव्हे. शिवाय त्याच्याच कुळातला कासविंदा शेजारी उगवतो आणि तो खरा घातक. शेंग चपटी, बोटाएवढी, टोकाकडे किंचित वर वळलेली. त्याचे बी स्नायू आणि यकृत दोन्हींवर घाला घालते. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात हे बी खाऊन लहान मुले दगावली आहेत. वाळलेल्या गठ्ठ्यात टाकळा कुठला आणि कासविंदा कुठला हे निवडत बसू नका, दोन्ही काढा.

घाणेरीच्या फांद्या एकाच गठ्ठ्यात मिळाल्या. खोड चौकोनी, बारीक वाकडे काटे, पान खरखरीत, चुरडले की उग्र वास. तीही यकृत बिघडवते आणि कातडी उन्हाला हळवी करते. रानमोडीचे तुरे फेब्रुवारीच्या गाडीत थोडे होते. गाजर गवत दोन्ही गाड्यांत किरकोळ. १९५५ साली पुण्यात नोंदले गेलेले हे तण आता कुठे नाही असे नाही. त्याने तोंडात फोड येतात आणि कातडीला खाज सुटते, हाताळताना माणसालाही.

कण्हेर या मालात सापडली नाही, तरी एक सांगणे भाग आहे. हा पुरवठादार मध्येच माल संपला की स्थानिक 'रस्त्याकडेचे गवत' देऊ करतो. महामार्गाच्या दुभाजकांवर आणि बंगल्यांच्या कुंपणांना कण्हेर लावलेली असते, तिची छाटणी गवतात मिसळते. वाळलेले पान वजनाच्या ०.००५ टक्के, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला अवघे २० ग्रॅम, हृदय बंद पाडायला पुरे होते. पान अरुंद, चामड्यासारखे जाड, मधली शीर फिकट आणि ठळक, बाजूच्या शिरा पिसासारख्या दाट. वाळले तरी चुरत नाही. असे एक पान दिसले तर पूर्ण भारा परत करा, निवडून वापरू नका.

दुसऱ्या गाडीला गुण जास्त का, याचे उत्तर कापणीच्या वेळेत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खुळखुळा आणि टाकळा शेंगांवर असतात, आणि सगळ्यात जास्त विष बियांत. फेब्रुवारीत कापलेल्या उभ्या गवतात बऱ्याच शेंगा उकलून बी जमिनीवर गळालेले असते. पण तेच गवत काडीसारखे, कमी कसाचे. म्हणजे हिरवे, पानाचे, जास्त भावाचे गवतच जास्त धोक्याचे निघाले. यावर उपाय विक्रेत्याच्याच हातात आहे. सप्टेंबरात या झाडांना पिवळी फुले येतात तेव्हा ती कुरणात लांबून ओळखता येतात. तेव्हाच दोन माणसे लावून मुळासकट उपटली तर ऑक्टोबरची कापणी स्वच्छ मिळेल. उपटलेली झाडे कुरणातच वाळत टाकू नयेत, चरणारे जनावर ती खाते. हे पुरवठादाराला सांगितले आहे. त्याने जास्त पैसे मागितले तर ते देण्याजोगे आहेत.

सर्वांत मोठी तक्रार कुट्टीची. किलोमागे थोडे जास्त घेऊन तो गवत यंत्रातून काढून पोत्यात देतो, आणि वेळ वाचतो म्हणून बरेच जण तीच घेतात. ती घेऊ नका. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यांत खुळखुळ्याची काडी कुठली आणि गवताची कुठली हे कुणालाच ओळखता येत नाही, आणि घोड्यालाही ती बाजूला सारता येत नाही. कुट्टी करायचीच असेल तर गठ्ठा निवडून झाल्यावर घरी करा.

निवडायला एका गठ्ठ्याला वीसेक मिनिटे लागतात. उजेडात पांढरी चादर किंवा ताडपत्री अंथरा, दोऱ्या कापा, गवताचे थर एकेक उचलून जोराने झटका. वाजणारी शेंग आधी कानाला कळते. खाली पडलेला चुरा चाळा: गवताचे बी हलके, सालपटासारखे असते; टणक, चकचकीत, मूत्रपिंडासारखा किंवा तिरक्या चौकोनासारखा दाणा दिसला तर तो शेंगवर्गी. मग काड्या पाहा. गवताच्या काडीला पेरे असतात आणि पानाच्या शिरा समांतर धावतात. फाटे फुटलेली, कंगोरे असलेली, मोडताना चिवट धागे सुटणारी काडी गवत नाही. तळाचा चुरा गव्हाणीत टाकू नका, जाळा. खतात टाकला तर पुढच्या पावसात तुमच्याच आवारात उगवेल.

आणि इथेच या सेवेची अट आडवी येते. 'फोडलेला गठ्ठा परत नाही.' तण तर फोडल्यावरच दिसते. म्हणून गाडी रिकामी होण्याआधी, चालकासमोर, गाडीच्या मागचा, मधला आणि पुढचा असे तीन गठ्ठे सोडून पाहा, हे आधीच फोनवर ठरवून घ्या. बोलताना 'तण नको' एवढेच म्हणू नका. गोव्यात पेंढ्यालाही तण म्हणतात, आणि घोटाळा होतो. खुळखुळा, टाकळा, घाणेरी अशी नावे घ्या. ओळखता न आलेले झाड शेंगेसकट वर्तमानपत्रात दाबून तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवा.

पेंढ्याचा पर्यायही तो देतो. वायंगणचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, पेंढा मार्च-एप्रिलात सुका मिळतो आणि त्यात ही तणे जवळपास नसतात, पण कस कमी आणि चाऱ्यातले कॅल्शियम अडवून धरणारे ऑक्झलेट जास्त. निव्वळ पेंढ्यावर किंवा नेपिअरवर (हत्ती गवतावर) ठेवलेल्या घोड्याच्या हाडांतले कॅल्शियम कमी होत जाते. चौथा हिस्सा पेंढा, बाकी निवडलेले गवत, आणि पशुवैद्यांना विचारून चुनखडीची पूड (कॅल्शियम कार्बोनेट), इतपत ठीक.

मे महिन्यात घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरतो तेव्हाच गवताची बेगमी करायची असते. तीनशे किलोच्या तट्टाला दिवसाला सहा किलो धरले तर चार महिन्यांना ७२० किलो, म्हणजे या मालाचे सुमारे ५५ गठ्ठे. ओलावा १५ टक्क्यांच्या आत हवा. शंभर ग्रॅम गवत कातरून, बाजूला अर्धा पेला पाणी वेगळे ठेवून मायक्रोवेव्हमध्ये थोडे थोडे तापवत वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत न्या. ८६ ग्रॅम उरले तर ओलावा १४ टक्के. चिऱ्यांवर फळ्या टाकून रचा, भिंतीपासून फूटभर लांब.

नोव्हेंबरच्या गाडीतले गवत आधीच खाऊ घातले असेल, तर उरलेले थांबवा, शेंगांचा नमुना जपून ठेवा आणि त्या गाडीवर असलेल्या सगळ्याच घोड्यांच्या रक्तात जीजीटी (यकृताची इजा दाखवणारे एन्झाइम) तपासायला पशुवैद्यांना सांगा, घोडा वरून धडधाकट दिसत असला तरी. एक-दीड महिन्याने तीच तपासणी पुन्हा करा.