साडेसातशेचा स्कॅनर आणि मिसिंग मारणारी गाडी: नऊ महिने वापरून झाल्यावर

गाडीच्या सॉकेटात खोचला की तिचे बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवतो तो अडॅप्टर, म्हणजेच स्कॅनर. पहिला मी परत केला. निळा, पारदर्शक, काडेपेटीएवढा, त्यावर २.१ अशी आवृत्ती छापलेली. मोबाइलला जोडला जायचा, पण गाडीशी बोलायचाच नाही. ईएलएम३२७ ही अशा अडॅप्टरमधली मूळ चिप, तिच्या या स्वस्त नकलांमध्ये बऱ्याच अशा निघतात, अर्ध्या आज्ञा त्यांना कळतच नाहीत. दुसरा १.५ वाला मागवला, साडेसातशे रुपयांना, आणि तो गेले नऊ महिने चालतोय. हा अनुभव त्याचा आहे. आयफोनवाल्यांनी हा घेऊ नये, साधा ब्लूटूथ तिथं चालत नाही. त्यांना वायफाय किंवा बीएलई (कमी विजेचा ब्लूटूथ) लिहिलेला लागतो.

घेण्याची वेळ का आली ते सांगतो. जुलैत गोव्याहून येताना चोर्ला घाट चढत होतो. तिसऱ्या गिअरात पाय दाबला की गाडी धक्के द्यायची, पाय सैल केला की शहाण्यासारखी चालायची. यालाच मिसिंग किंवा मिसफायर म्हणतात, सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. कणकुंबीच्या अलीकडे चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला. स्थिर दिवा म्हणजे सवडीनं बघा. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतंय. तो तापून गेला की काही हजारांचं काम पन्नास हजारांच्या घरात जातं. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं, पावसाला घाबरून हळू चालवली म्हणून वाचलो. जांबोटीपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. मिसिंगपेक्षा त्याची भीती जास्त.

गाडी २०१४ची, पेट्रोल, चार सिलिंडर. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगितलं की खाली कंपन्यांचीच भांडणं लागतात.

बेळगावात एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, ६०० रुपये घेतले आणि एस्टिमेट हातात दिलं: चार कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या), चार प्लग (ठिणगी पाडणारे), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, मिळून १६,८००. कोड काय आला विचारलं तर म्हणाले, “जनरल मिसफायर आहे सर.” मी उद्यमबागेत मशीनशॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा जॉब रिजेक्ट झाला तर कुठल्या मापात, किती मायक्रॉननं, हे लिहावं लागतं. “जनरल रिजेक्ट” असं लिहिलं तर सुपरवायझर घरी पाठवील. गाडी उचलून घरी आणली आणि अडॅप्टर मागवला.

लावायला अवघड नाही. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा. आपल्याकडं एप्रिल २०१३नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवायची पद्धत) बंधनकारक झालं, त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर बहुतेक काम होतं. मोबाइलवर ॲप घ्यायचं. फुकटातलं पुरतं, जाहिराती सोसायच्या.

पण माझ्या गाडीत कोडच नव्हता! वर्कशॉपवाल्यांनी तपासून झाल्यावर पुसून टाकला होता. कोड पुसला की त्याच्याबरोबरचा फ्रीझ फ्रेमही जातो, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, किती तापलेलं होतं, किती लोड होता, ती सगळी नोंद. अर्धं निदान त्यातच असतं. तेव्हापासून गाडी कुणाकडेही दिली तरी आधी सांगतो, कोड पुसायच्या आधी मला फोटो काढू द्या.

मग रविवारी सकाळी वेंगुर्ला रोडनं निघालो, भावाला शेजारी मोबाइल धरून बसवलं. हिंडलगा गेलं, सुळगा गेलं, काही नाही. महाराष्ट्रात शिरलो, शिनोळी आली आणि पुढच्या चढावर धक्का आला, पाठोपाठ कोड: पी०३०२. सीमेचा प्रश्न १९५६पासून लोंबकळतोय, आमचा मात्र सीमा ओलांडल्याबरोबर सुटायला लागला, असं भाऊ म्हणाला. पी०३०० आला तर मिसफायर होतोय पण एका ठिकाणी बोट ठेवता येत नाही. ०३०१ ते ०३०४ आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. म्हणजे माझा दुसरा. फ्रीझ फ्रेममध्ये २,८५० आरपीएम, पाणी ९२ अंश, लोड ८४ टक्के. गाडी उभी करून, रिकामी चालू ठेवून कितीही ऐकलं असतं तरी हे सापडलं नसतं.

आता दुसऱ्या सिलिंडरमध्ये कॉइल, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) यांपैकी काहीही असू शकतं. हे अडॅप्टर सांगत नाही. इथं आमचे मच्छेचे मिस्त्री कामाला आले. वय साठीच्या पुढं, दुकानाला पाटी नाही. मोबाइल दाखवल्यावर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “दोनच नंबर म्हणूलालाय न्हवं? मग चार कॉइल कशाला बदलूलालेत ओ? अदलाबदल करून बघूया की.”

अदलाबदल म्हणजे दुसऱ्याची कॉइल चौथ्यावर, चौथ्याची दुसऱ्यावर. बाकी कशालाही हात लावायचा नाही. प्लगही त्याच वेळी बदलले तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. इंजिन थंड असताना दहाच्या पान्यानं एकेक बोल्ट काढला, कनेक्टरची क्लिप दाबून सोडवली (ती प्लॅस्टिकची असते, दहा वर्षांनी तुटायलाच टपलेली असते, घाई नको) आणि कॉइल पिळत पिळत वर ओढली. खालचं रबराचं बूट प्लगला चिकटलेलं होतं. मिस्त्रींनी ते उजेडात धरून आत बोट दाखवलं. वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ. ठिणगी प्लगच्या टोकाशी पडायची सोडून त्या रेघेवरून बाजूच्या लोखंडाला पळत होती. लोड वाढला की सिलिंडरात दाब वाढतो, तिथं ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, मग ती सोपी वाट धरते. पावसाळी दमट हवेत तर हमखास. घाटात धक्के आणि सपाटीवर शांत, याचं कोडं एवढंच.

तरी मिस्त्री म्हणाले, डोळ्यांवर जाऊ नका, फिरवून आणा. कोड पुसला, पुन्हा शिनोळीचा चढ. या वेळी पी०३०४. बिघाड कॉइलबरोबर चालत चौथ्यावर गेला होता.

एक कॉइल १,९५०. दुकानदार डुप्लिकेट ७०० ला देत होता, पण मिस्त्रींनी मान हलवली. प्लगचे किलोमीटर भरलेच होते म्हणून चारही बदलले, ६४०. मिस्त्रींचे २००. अडॅप्टर धरून ३,५४०. वर्कशॉपचे ६०० अक्कलखाती.

यानंतर मी गल्लीतला डॉक्टर झालो, तो त्रास वेगळा. पण एक केस सांगण्यासारखी आहे. निपाणीचे भावजी दिवाळीत आले, गाडी सिग्नलला थरथरत होती. त्यांना इंजेक्टर बदला असं सांगितलं होतं. कोड दोन: पी०३०० आणि पी०१७१. दुसऱ्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ॲपमध्ये फ्युएल ट्रिम उघडलं. कॉम्प्युटर स्वतःहून किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते त्यात दिसतं. उभ्या गाडीत दोन्ही ट्रिम (तात्पुरता आणि दीर्घकालीन) मिळून अधिक २२ टक्के. ॲक्सिलरेटर दाबून २,५०० वर धरलं तर अधिक ५. इंजेक्टर चोंदला असता तर पेट्रोल जास्त लागताना आकडा वाढला असता. इथं उलट, म्हणजे कुठून तरी चोरून हवा येतेय. उभ्या गाडीत इंजिन थोडीच हवा घेतं, तेव्हा ती चोरी मोठी दिसते. बॉनेट उघडून शोधलं तर इनटेकला जाणारा एक बोटाएवढा रबरी पाइप खालच्या बाजूनं चिरलेला. १२० रुपये. भावजी अजून प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगतात, त्यात पाइपची किंमत दर वेळी कमी होते. एक सांगतो, त्यांच्या गाडीत हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे म्हणून हे इतकं स्वच्छ दिसलं. दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या गाडीत तीच गळती ट्रिममध्ये एवढी उठून दिसत नाही, तिथं नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

चिक्कोडीच्या मित्राच्या सीएनजी गाडीत मात्र हात टेकले. पी०३०३ यायचा. कॉइल फिरवली, प्लग फिरवला, कोड जागचा हलेना. शेवटी मिस्त्रींनी कॉम्प्रेशन गेज लावला, तिसरा बाकीच्यांच्या निम्म्यावर. व्हॉल्व्ह जळालेला, हेड उतरावं लागलं. व्हायचा तो खर्च झालाच, फक्त कॉइल-इंजेक्टर उगीच विकत घेतले गेले नाहीत.

तक्रारीही आहेत. गाडी बंद असली तरी हा सॉकेटमधून करंट खात राहतो. गणपतीत आठ दिवस गाडी उभी होती, बॅटरी बसली, शेजाऱ्यांकडून धक्का मारून घ्यावा लागला. पायाला लागतो, दोनदा माझ्याच गुडघ्यानं निघाला. माझ्या गाडीत एबीएस आणि एअरबॅगचे कोड यात दिसत नाहीत. आणि डिझेलवाल्यांना ही कॉइल-प्लगची युक्ती उपयोगाची नाही, तिथं ठिणगीच नसते. पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा बॅटरीचा कापला.

सध्या तो माझ्याकडे नाही. भावजी “दोन दिवसांसाठी” निपाणीला घेऊन गेलेत, त्याला महिना झाला. परवा फोनवर म्हणाले, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला सॉकेट कुठं असतं ते शोधतोय.