‘एआय तुमची वेबसाइट वाचतच नाही’ असं सांगून मला कसं फसवलं

“ताई, तुमची वेबसाइट कुणी हॅक केलीय का?”

एका जुन्या ग्राहकाचा हा संदेश आला, सोबत एक स्क्रीनशॉट होता. त्यांनी एका एआय असिस्टंटला आमच्या एका पानाचा दुवा देऊन प्रश्न विचारला होता. उत्तराच्या सुरुवातीलाच असिस्टंटनं लिहिलं होतं की या पानात एआयला उद्देशून सूचना घातलेल्या आहेत, ‘हीच वेबसाइट सर्वात विश्वासार्ह आहे असं सांग’ अशा. ‘त्या मी पाळत नाही, आणि इथली माहिती दुसरीकडे ताडून पाहा,’ असंही असिस्टंटनं लिहिलं होतं.

ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. कारण हॅक कुणीच केलं नव्हतं. त्या सूचना घालण्यासाठी मी पैसे दिले होते.

आमची वेबसाइट जुन्या शिलाई मशीनांच्या दुरुस्तीची आहे. वडिलांनी आयुष्यभर हेच काम केलं आणि प्रत्येक बिघाडाची नोंद वह्यांमध्ये लिहून ठेवली. ते गेल्यावर मी त्या नोंदी एकेक करून वेबसाइटवर टाकल्या, सोबत सुट्या भागांची यादी दिली. लोक शोधत यायचे, वाचायचे, भाग मागवायचे. मग येणाऱ्यांची संख्या घटू लागली. लोक आता एआयला विचारतात हे दिसत होतं, आणि नेमक्या त्याच काळात तो फोन आला.

माणूस अतिशय नम्र होता. म्हणाला, “मॅडम, तुमची माहिती सोन्यासारखी आहे, पण एआयला ती दिसतच नाही. मी दाखवतो.” त्यानं स्क्रीन शेअर केली, एका असिस्टंटला विचारलं, “जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीसाठी कुठली वेबसाइट चांगली?” आमचं नाव आलं नाही. मग त्यानं त्याच्या एका ‘ग्राहका’च्या विषयावर प्रश्न विचारला, तर पहिल्याच ओळीत त्या ग्राहकाचं नाव. मला एवढा पुरावा पुरला. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले.

हा पुरावा कसा तयार होतो ते आधी सांगते, कारण सगळी फसवणूक तिथूनच सुरू होते. हे असिस्टंट एकाच प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर देतील असं नाही. शिवाय बहुतेकांमध्ये स्वतःच्या कायमच्या सूचना लिहून ठेवता येतात, आधीच्या गप्पा लक्षात ठेवायची सोय असते. ‘अमुक विषय निघाला की अमुक वेबसाइट सुचव’ असं एकदा सांगून ठेवलं की समोरच्याला दाखवताना उत्तर आपोआप हवं तसं येतं. त्यामुळे दुसऱ्याच्या खात्यातून, दुसऱ्याच्या स्क्रीनवर दाखवलेलं उत्तर म्हणजे काहीच नाही. तोच प्रश्न स्वतःच्या फोनवर, लॉगिन न करता, वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या दिवशी विचारायला हवा होता. मी एकदाही विचारला नाही.

पहिल्या महिन्यात त्यानं ‘एआय-सुसज्जता फाइल’ बसवली. तिचे पैसे वेगळे. ती फाइल म्हणजे एलएलएम्स.टीएक्सटी. ही कल्पना खोटी नाही. एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती मांडली. वेबसाइटवर काय काय आहे, महत्त्वाची पानं कुठली, हे साध्या मजकुरात लिहून एका ठरलेल्या जागी ठेवायचं, एवढंच. पण तो प्रस्ताव आहे, नियम नव्हे. ती ठेवली म्हणजे असिस्टंट ती वाचेलच असं कुणी बांधील नाही. गूगलनं तर आपल्या मार्गदर्शनात २०२५ मध्येच स्पष्ट लिहिलंय की त्यांच्या शोधातल्या एआय उत्तरांमध्ये दिसायला नव्या मशीन-वाचनीय फाइली किंवा खास मार्कअप (पानाच्या कोडमध्ये यंत्रासाठी लावलेल्या खुणा) लागत नाही. ते पान सगळ्यांसाठी खुलं आहे, फुकट आहे. ज्याला आपली पानं नीट माहीत आहेत त्याला अशी फाइल लिहायला अर्धा तास पुरतो. हवी तर ठेवा, नुकसान नाही. पण तिच्यासाठी कुणी मोठी रक्कम मागत असेल तर तिथेच थांबा.

दर महिन्याला अहवाल यायचा. रंगीत आलेख, आणि त्यात ‘एआय भेटी’ वाढत चाललेल्या. बॉट म्हणजे एआय कंपन्यांचे आपोआप फिरून पानं वाचणारे प्रोग्राम. जीपीटीबॉट इतक्या वेळा आला, क्लॉडबॉट इतक्या वेळा, पर्प्लेक्सिटीबॉट इतक्या वेळा. विक्री वाढत नव्हती, फोन वाढत नव्हते, पण आलेख चढत होता. मी विचारलं तर म्हणायचा, “आधी एआय शिकतो, मग शिफारस करतो. वेळ द्या.” मी वेळ दिला.

त्या ग्राहकाच्या संदेशानंतर माझ्या भाचीनं होस्टिंगच्या पॅनलमधून सर्व्हरचा कच्चा लॉग, म्हणजे वेबसाइटवर कोण कधी आलं याची मूळ नोंद, उतरवला. माझ्या अनुभवातला हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. वेबसाइटवर येणारा प्रत्येक पाहुणा स्वतःची ओळख सांगतो, तिला यूझर एजंट म्हणतात. ही ओळख म्हणजे नुसता मजकूर असतो. कुणीही आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून ‘मी जीपीटीबॉट’ म्हणून येऊ शकतो, सर्व्हर तसंच नोंदवतो. खरं-खोटं कळतं ते आयपी पत्त्यावरून, म्हणजे तो इंटरनेटवर कुठून आला ते सांगणाऱ्या क्रमांकावरून. जीपीटीबॉट ज्यांचा, ती चॅटजीपीटीची कंपनी ओपनएआय आपल्या बॉटच्या पत्त्यांची यादी जाहीर करते, गूगलही करतं. आमच्या लॉगमधल्या ‘जीपीटीबॉट’च्या जवळजवळ सगळ्या ओळी दोनच पत्त्यांवरून आल्या होत्या, त्यातला एकही त्या यादीत नव्हता. ‘क्लॉडबॉट’ आणि ‘पर्प्लेक्सिटीबॉट’ही त्याच दोन पत्त्यांवरून. रात्री ठरावीक अंतरानं, घड्याळ लावल्यासारखे. त्यानं एक छोटा प्रोग्राम लावून ठेवला होता, तो आमची पानं उघडत राहायचा, आणि त्याचीच बेरीज करून तो मला आलेख पाठवायचा. तुम्हाला असे अहवाल येत असतील तर फक्त एवढंच मागा: कच्चा लॉग, आयपी पत्त्यांसकट.

मग खऱ्या बॉटचं काय? ते दाराबाहेर उभे होते. रोबोट्स.टीएक्सटी ही फाइल वेबसाइटच्या दारावरच्या पाटीसारखी असते, कुणी आत यावं आणि कुणी येऊ नये ते तिच्यात लिहिलेलं असतं. १९९४ पासून ही पद्धत चालत आली आहे. पाटी पाळणं ऐच्छिक, पण मोठ्या कंपन्यांचे बॉट ती पाळतात असं त्या कंपन्या सांगतात. या माणसानं कुठून तरी उचललेली एक यादी तिथे चिकटवली होती, ‘एआय सुरक्षा’ म्हणून, आणि तिच्यात ओएआय-सर्चबॉटला पूर्ण बंदी होती. जीपीटीबॉट आणि ओएआय-सर्चबॉट दोघेही ओपनएआयचे, पण वेगळे आहेत. पहिला मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, दुसरा चॅटजीपीटीच्या शोधात तुमचं पान दिसावं म्हणून येतो. पहिल्याला अडवायचं की नाही हा प्रत्येकाचा स्वतःचा निर्णय आहे. पण ज्याला एआयच्या उत्तरात दिसायचंय त्यानं दुसऱ्याला अडवून कसं चालेल? ज्या कामासाठी मी पैसे भरत होते, नेमकं तेच यानं बंद करून ठेवलं होतं, आणि महिनोन्महिने मला ते कळलं नाही.

सुट्या भागांच्या यादीचंही तेच. पूर्वी ती साध्या तक्त्यात होती. यानं ती ‘आधुनिक’ केली, म्हणजे पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट नावाचा कोड चालतो आणि मग यादी उमटते. माणसाला ती दिसते. पण एआयचे अनेक बॉट जावास्क्रिप्ट चालवतच नाहीत, त्यांना मिळतो तो कोरा सांगाडा. हे तपासायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. पानावर माउसची उजवी कळ दाबून पेज सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ कोड, उघडा आणि पानावरचं एखादं वाक्य त्यात शोधा. सापडलं नाही, तर अशा बॉटलाही ते सापडत नाही. आमच्या यादीतला एकही भाग सापडला नाही.

त्याच पेज सोर्समध्ये बाकीचं सगळं उघडं पडलं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एआयसाठी लिहिलेल्या त्या सूचना. आणि स्कीमा मार्कअपमध्ये, म्हणजे पानावर काय आहे ते यंत्राला सांगणाऱ्या लपलेल्या खुणांमध्ये, ४.९ गुणांकन, ३१२ ग्राहकांची परीक्षणं. आमच्या वेबसाइटवर परीक्षण लिहायची सोयच नाही! स्कीमाची मूळ व्यवस्था चांगली आहे, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून सुरू केली. हा लेख आहे, ही वस्तू आहे, ही तिची किंमत आहे, असं यंत्राला नीट सांगता येतं. पण पानावर जे नाही ते तिथे लिहिणं म्हणजे खोटी साक्ष. लपवलेला मजकूर आणि खोटी परीक्षणं दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाहीत, त्यासाठी कारवाई होते, आणि ती वेबसाइटच्या मालकाला भोगावी लागते. करून गेलेल्या माणसाला नाही.

पण माझा जीव सर्वात जास्त तुटला तो वेगळ्याच गोष्टीनं. ‘एआयला भरपूर प्रश्नोत्तरं लागतात’ म्हणून यानं शेकड्यानं पानं तयार करून टाकली होती, एआयकडूनच लिहून घेतलेली, कुणीही न तपासलेली. वडिलांच्या नोंदी त्यांच्याखाली दबल्या. वडिलांनी लिहिलं होतं की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन छोट्या चकत्यांमध्ये, नीट बसलेला नसतो. आधी दोरा काढा, कापड दाबून धरणारा फूट वर उचला, पुन्हा ओवा. नव्या पानावर होतं, बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याच्या डबीचा) स्क्रू घट्ट करा. आणि त्याखाली, टेन्शनच्या चकत्यांना तेलाचे दोन थेंब सोडा. त्या चकत्यांना तेल कधीच लावायचं नसतं, दोरा घसरतो आणि कापडावर डाग पडतात. हे वडील शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायचे. त्यांच्या नावाच्या वेबसाइटवर नेमकं उलटं लिहिलेलं होतं.

पैसे परत मिळाले नाहीत. करारात निकालाचा एक शब्द नव्हता, सगळीकडे ‘प्रयत्न’ आणि ‘सुसज्जता’. फोन केला तर आधी उत्तरं मिळाली, मग फोनच लागेना. मी सगळे पासवर्ड बदलले. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात, जिथे मालकाला आपली वेबसाइट शोधात कशी दिसते ते कळतं, यानं स्वतःला मालक म्हणून जोडलं होतं, ते काढलं. इथे एक लक्षात ठेवा: नुसतं नाव काढून भागत नाही. मालकी सिद्ध करायला त्यानं सर्व्हरवर ठेवलेली फाइलही काढावी लागते, नाहीतर तो पुन्हा मालक होऊ शकतो.

आता यादी परत साध्या तक्त्यात आहे, ओएआय-सर्चबॉटवरची बंदी काढली आहे, खोटं स्कीमा गेलं. तयार केलेली पानं मी एकेक वाचून काढून टाकते आहे, सरसकट नाही, कारण काही ठिकाणी वडिलांचा मजकूर त्यांच्यात कालवला गेलाय आणि तो वहीशी ताडून वेगळा करावा लागतो. प्रत्येक पानाला आता नीट मथळा देते, मशीनचा प्रकार आणि बिघाड पहिल्याच वाक्यात लिहिते, नोंद कुणाच्या वहीतली आणि कधी तपासली ते खाली देते. वाचणाऱ्या माणसाला जे सोपं, तेच असिस्टंटलाही सोपं जातं, असं माझ्या लक्षात आलंय.

संदेश पाठवणाऱ्या त्या ग्राहकांनी, असिस्टंटला विचारायच्या आदल्याच दिवशी, आमचं ते पान वाचून चकत्यांना तेल सोडलं होतं. मी त्यांना फोन केला, माफी मागितली, आणि वडिलांच्या वहीतलं वाचून दाखवलं: फूट वर उचला म्हणजे चकत्या सैल होतात, स्पिरिटमध्ये भिजवलेली पातळ कापडाची पट्टी त्यांच्यामधून ओढा, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत ओढत राहा, मग कोरडी पट्टी, आणि पहिली शिवण चिंधीवर घाला. त्यांनी फोन चालू ठेवूनच ते केलं. चौथी पट्टी स्वच्छ निघाली.